पाणी अडलंय कुठे?

मागच्या अंकात फ्रंट लोड मशीनच्या फिल्टरवर चार ओळी लिहिल्या आणि टपालात पूर आला. एका वाचकाच्या घरी तर खराच आला, म्हणून त्यांचं पत्र पहिलं घेतलंय. बाकीची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: कपडे धुऊन होतात, पण पाणी आतच बसून राहतं.

हे सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. हे हत्यारांची पेटी घेऊन घरोघर जायचे आणि फोन मी घ्यायचे. समोरचं माणूस वैतागलेलं असायचं, नेमकं काय होतंय ते त्याला सांगता यायचं नाही. मग मी म्हणायचे, "काही सांगू नका. पाणी सोडायचं बटण दाबा आणि रिसीव्हर मशीनजवळ धरा." फोनची वायर पुरली नाही म्हणून एका बाईंनी पाण्याने भरलेलं मशीनच फोनकडे ओढत आणलं होतं. मी ऐकायचे आणि चिठ्ठीवर एक शब्द लिहून ह्यांच्या हातात द्यायचे: नळी, पंप, किंवा 'काही नाही, फिल्टर'. तो कान आता म्हातारा झालाय, डाव्या बाजूला श्रवणयंत्र आहे. पण पत्रात कुणी आवाजाचं नीट वर्णन केलं की माझं काम अजून भागतं.

प्रश्न: ताई, महिन्यातून एकदा खालचा फिल्टर काढून धुवा, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत. आमचं मशीन पाणी सोडत नव्हतं, म्हणून तुमचं ऐकून मी फिल्टर फिरवला आणि तो हातात आला. मागोमाग सगळं पाणी. गालिचा अजून वाळलेला नाही. भरलेल्या मशीनचा फिल्टर कसा उघडायचा ते कोण सांगणार?
(ओल्या गालिच्याचा मालक)

उत्तर: चूक माझी. 'आधी पाणी काढून घ्या' हे वाक्य मी लिहिलंच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते लिहायला हवं हेच सुचलं नाही. गालिच्याबद्दल माफी मागते आणि राहिलेलं आता पुरं सांगते.

बटण बंद करा आणि प्लगही काढा, नुसतं बटण पुरत नाही. गरम पाण्यावर लावलं असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा, मग त्याला दोन तास लागले तरी चालतील. ६० किंवा ९० अंशांचं पाणी पायावर आलं तर गालिच्याचं दुःख काहीच नाही.

मग मशीनच्या मागची निचऱ्याची नळी तिच्या खाचेतून सोडवा आणि तिचं तोंड जमिनीवरच्या बादलीत किंवा पसरट भांड्यात खाली करा. ड्रममधलं पाणी नळीच्या तोंडापेक्षा वर असतं, त्यामुळे पंप बंद असला तरी ते स्वतःच्या वजनाने वाहतं. वाहिलं तर दोन कामं झाली: मशीन रिकामं झालं, आणि ड्रमपासून नळीच्या तोंडापर्यंतची वाट मोकळी आहे हेही कळलं. थेंबही आला नाही तर गाठ वाटेत कुठेतरी आहे. मात्र काही मशीनमध्ये ही नळी आतूनच वर चढते आणि मग बाहेर पडते. तिथे पाणी वर चढून येणार नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

खालच्या छोट्या झाकणाआड फिल्टरशेजारी बोटाएवढी बारीक रबरी नळी आहे का, तेही पाहा. तोंडाला बूच असतं. ती याच प्रसंगासाठी दिलेली असते आणि घरात मशीन येऊन दहा वर्षं झाली तरी लोकांना तिचा पत्ता नसतो. बूच काढा, परात लावा, भरली की बूच घाला, ओतून या, पुन्हा लावा. कंटाळवाणं काम आहे, दहा-बारा खेपा सहज होतात.

ती नळीही नसेल तर फिल्टर डावीकडे पाव वळसाच फिरवायचा. कडेने पाणी झिरपू लागलं की हात थांबवायचा, भांडं भरलं की परत आवळायचा. झिरपणं पूर्ण थांबल्यावरच तो बाहेर काढायचा. तरीसुद्धा शेवटी पेलाभर पाणी येतंच, त्यासाठी खाली जुना टॉवेल.

आणि परत बसवताना घाई नको. आटे तिरके बसले किंवा रबरी रिंगेवर दोरा राहिला की पुढच्या धुण्याला तिथून गळती लागते. बसवल्यावर साबणाच्या खणातून लिटरभर पाणी ओता, नुसतं ड्रेन, म्हणजे पाणी सोडायचं काम, लावा आणि फिल्टरच्या कडेने कोरडं बोट फिरवून पाहा.

प्रश्न: फ्रंट लोड मशीन आहे. पाणी सोडायची वेळ आली की 'घुंऽऽ' असा दबका आवाज येतो, मध्येच थांबतो, पुन्हा येतो, पाणी मात्र हलत नाही. मग पडद्यावर 'एसई' दिसतं. पुस्तिकेत 'एसई' नावाचं काहीच नाही. मेकॅनिकला फोन केला तर तो न बघताच म्हणाला, पंप जळला, नवा घालू. घालू का?
(घुं ऐकून कंटाळलेली)

उत्तर: इतक्यात नका घालू.

आधी त्या अक्षरांचं. तुम्ही मशीनचं नाव लिहिलेलं नाही, पण छोट्या दिव्यांच्या रेघांनी बनलेल्या आकड्यात पाच आणि इंग्रजी एस सारखेच दिसतात. तुमचं 'एसई' बहुधा '५ई' असणार. सॅमसंगच्या मशीनवर ५ई किंवा ५सी म्हणजे पाणी बाहेर गेलं नाही. त्याच दुखण्याला एलजीवर ओई आणि बॉशवर ई१८ म्हणतात. पण एक लक्षात घ्या, मशीनला फक्त इतकंच कळतं की ठरलेल्या वेळात पातळी उतरली नाही. का उतरली नाही हे त्याला माहीत नसतं. पंप मेला, मोजा अडकला, की नळीवर कुणी कपाट ढकललं, अक्षरं तीच.

कारण सांगतो तो आवाज. पाणी सोडायच्या वेळी अजिबात आवाज नसेल, पूर्ण शांतता, तर पंपापर्यंत वीज पोचत नाही किंवा पंपाची कॉइल, म्हणजे आतल्या तारेचं वेटोळं, तुटली आहे. मोकळी घरघर ऐकू येते पण पाणी जात नाही, तर पंखा फिरतोय आणि पुढची नळी तुंबली आहे, नाहीतर पंखा दांड्यावरून सुटून दांडा एकटाच फिरतोय. दगड खुळखुळल्यासारखं वाजत असेल तर आत नाणं किंवा बटण आहे. आणि तुमचा दबका 'घुं' म्हणजे वीज पोचते, कॉइल शाबूत आहे, पंखा फिरू पाहतोय आणि काहीतरी त्याला फिरू देत नाही. कॉइल जळून तुटलेला पंप गुणगुणत नाही हो, तो गप्प असतो. एवढं तुमच्या मेकॅनिकला विचारा.

वरच्या उत्तरात सांगितलं तसं पाणी काढा, फिल्टर बाहेर घ्या. आता हातातला फिल्टर बाजूला ठेवा, खरं काम तो निघाला त्या पोकळीत आहे. प्लग काढलेला आहे ना, पुन्हा खात्री करा. टॉर्च मारा. आत, थोडा बाजूला, प्लास्टिकची दोन-चार पाती दिसतील, तोच पंखा. बोट एकदम घालू नका, तिथे टाचणी, काच, तार काहीही असू शकतं. चिमट्याने कचरा ओढा, मग पेन्सिलीच्या बोथट टोकाने पाती ढकलून पाहा.

इथे नव्वद टक्के माणसं फसतात, मीही शिकण्याआधी फसले होते. पंखा पंख्यासारखा गरगर फिरत नाही. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो, जणू आत कुणी धरून सोडतंय. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पंख्याच्या दांड्यावर पंपाच्या आत जो गोल असतो त्याला कायमचं चुंबकत्व असतं आणि तो दर टप्प्यावर ओढला जातो. शिवाय पाती थोडीशी मोकळी हलतात आणि मग दांडा पकडतात, तीही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. हा पंप सुरू होताना कधी उजवीकडे फिरतो, कधी डावीकडे, त्याचं त्यालाच माहीत नसतं. भार पडायच्या आधी गती घ्यायला ती ढील लागते. अडखळत का होईना, पूर्ण फेरा होतो ना ते पाहा. कुठेतरी ठाम अडत असेल तर त्या जागी काहीतरी आहे.

काय असतं? केस आणि दोरे दांड्याला गुंडाळलेले, हे सगळ्यात जास्त. केसांची पिन, दात कोरायची काडी, शर्टाच्या कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी. अंतर्वस्त्रातली अर्धगोल तार, ती ड्रमच्या भोकातून सरळ खाली उतरते. तान्ह्या बाळाचा मोजा. मोजा कसा जातो याचं नवल करू नका. दाराच्या रबरी कड्यात आणि ड्रममध्ये फट असते, ड्रम ठासून भरला की फिरताना छोटे कपडे तिथे दाबले जातात आणि एखादा पलीकडे जातो. पलीकडे म्हणजे बाहेरच्या टबात, तिथून पंपाकडे. छोटे कपडे आणि तारेचे कपडे जाळीच्या पिशवीत घालून धुवावेत ते यासाठी.

पंखा मोकळा, पोकळी स्वच्छ, तरी 'घुं' तसाच, असं झालं तर पंपाच्या आतला गोल क्षाराने किंवा केसाने जाम झालाय, आणि मग नवा पंप घालायला माझी हरकत नाही. फक्त मेकॅनिकला जुना पंप मल्टिमीटरवर तुमच्यासमोर तपासायला सांगा. २३० व्होल्टच्या नेहमीच्या पंपाची कॉइल बहुधा १०० ते २०० ओहमच्या आसपास दाखवते. काटा हललाच नाही तर ती तुटली. आणि जुना पंप ठेवून जायला सांगा. जो ठेवायला कां-कूं करतो त्याच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

एक कबुली देते. एकदा फोनवर असाच घुं ऐकून मी चिठ्ठीवर ठासून 'पंप जाम' लिहिलं. हे जाऊन पाहतात तर तो आवाज शेजारच्या फ्रिजचा. मशीन बिचारं गप्प होतं.

प्रश्न: घरात नवं सिंक बसवलं आणि मशीनची नळी सिंकखालच्या पाइपाला जोडून घेतली. त्याच दिवसापासून मशीन पाणी सोडत नाही. योगायोग?
(नवं सिंक)

उत्तर: नाही. सिंकखालच्या सायफनला, म्हणजे वळणाच्या पाइपाला, मशीनची नळी जोडायला एक तोटी असते, आणि ती कारखान्यातून बंद येते: आत प्लास्टिकचा पातळ पडदा किंवा तोंडाला टोपण. मशीन जोडताना ते कापायचं असतं. नळी काढा आणि तोटीत डोकावून पाहा. पडदा असेल तर मशीनला शिव्या देणं थांबवा.

नळी परत लावताना ती आधी सिंकच्या पातळीपर्यंत वर नेऊन, कमान करून, मग खाली आणा. नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये शिरेल.

प्रश्न: सकाळचं पहिलं धुणं नीट होतं. लगेच दुसरं लावलं की पाणी आत राहतं. मेकॅनिक संध्याकाळी येतो तेव्हा मशीन शहाण्यासारखं चालतं आणि मीच खोटी ठरते. तीनदा असं झालं.
(खोटी नसलेली)

उत्तर: तुम्ही खोट्या नाहीत. अशा तक्रारीला ह्यांनी नाव ठेवलं होतं, 'डॉक्टर आले की ताप उतरतो'.

पुष्कळ पंपांच्या कॉइलमध्ये उष्णतेने उघडणारा छोटा स्विच असतो. पंपाला फिरायला जोर पडत असेल, दांड्याला केस गुंडाळलेले असतील, किंवा पंप झिजला असेल, तर तो जास्त तापतो. पहिलं धुणं कसंबसं निभतं, दुसऱ्याला स्विच उघडतो आणि पंप गप्प. दोन-तीन तासांनी निवला की स्विच पुन्हा जुळतो, आणि नेमका तेव्हा मेकॅनिक दारात.

आधी पंख्यावरचे केस-दोरे काढून दोन धुणी लागोपाठ लावून पाहा. फरक पडला नाही तर मेकॅनिकला संध्याकाळी नव्हे, दुसरं धुणं अडलेलं असतानाच बोलवा. ते जमत नसेल तर तो यायच्या आधी एक धुणं पूर्ण लावून ठेवा आणि तो आल्या आल्या दुसरं सुरू करा. या एका बाबतीत पंप बदलायला हवा असं मेकॅनिक म्हणाला तर माझा त्याच्यावर विश्वास बसेल.

दुसरी शक्यता घराच्या पाइपाची. तो अर्धवट तुंबलेला असेल तर पहिल्या धुण्याचं पाणी त्यात सावकाश उतरत राहतं आणि दुसऱ्याला जागा उरत नाही. ओळखायला सोपं आहे. नळी पाइपातून काढून तिचं तोंड स्टुलावर ठेवलेल्या बादलीत धरा आणि ड्रेन लावा. स्टुलावरच, जमिनीवर नको, कारण जमिनीवर पंपाशिवायही पाणी येऊ शकतं. बादलीत जोरात धार पडली तर मशीन निर्दोष, प्लंबरला बोलवा. बादली भरायला वेळ लागत नाही, तेव्हा बंद करायला एक हात बटणावर ठेवा.

प्रश्न: आमचं वरून उघडणारं, पूर्ण स्वयंचलित मशीन. पाणी सोडत नाही आणि पिळतही नाही, म्हणजे दोन बिघाड एकदम. खालचा फिल्टर शोधला, सापडला नाही. पंप कुठे असतो?
(टॉप लोडवाले)

उत्तर: तुमच्या मशीनला पंप नसण्याचीच शक्यता जास्त. निचऱ्याची नळी मशीनच्या तळातून निघून जमिनीलगतच जाते ना? मग नाहीच. पुष्कळ टॉप लोड मशीनमध्ये टबाच्या तळाला रबरी व्हॉल्व्ह असतो. पाणी सोडायची वेळ आली की एक छोटी मोटर, मेकॅनिक तिला ड्रेन मोटर म्हणतात, तो व्हॉल्व्ह ओढून धरते आणि पाणी उतारानेच जातं. तीच मोटर त्याच ओढीत टबाचा ब्रेकही सोडवते आणि क्लच धुण्यावरून पिळण्यावर आणते. म्हणून ती गेली की दोन्ही कामं थांबतात. दोन बिघाड नाहीत, एकच आहे.

ड्रेन लावून कान मशीनच्या खालच्या भागाशी न्या. निरोगी मशीनमध्ये बारीक किरकिर आणि मग 'टक' ऐकू येतं, टकनंतर पाण्याचा ओघ. काहीच ऐकू आलं नाही तर मोटर किंवा तिची वायर. या मशीनचा तळ बहुधा उघडा असतो आणि उंदरांना वायरची चव आवडते, तेव्हा मेकॅनिकला आधी वायर पाहायला सांगा, मोटर नंतर. किरकिर-टक झालं पण पाणी गेलं नाही, तर व्हॉल्व्हच्या घरात कचरा आहे किंवा बाहेरची नळी अडली आहे.

नळी तुम्ही स्वतः पाहू शकता. पंप नसलेल्या मशीनची नळी उंबऱ्यावरून, कट्ट्यावरून किंवा पाइपाच्या उंच तोंडात चढवली की पाणी अडणारच, कारण त्याला वर ढकलणारं कुणी नाही. नळीचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडलेलं असलं तरी निचरा मंदावतो. जोडून जोडून लांब केलेली नळी मधेच फुगून वर आली असेल, तीही खाली दाबा.

याच व्हॉल्व्हमध्ये पिन अडकून तो उघडाच राहिला तर उलटं होतं: मशीन भरत राहतं आणि पाणी मागून निघून जात राहतं. दोन वाचकांनी त्याबद्दल विचारलंय, त्यांना हेच उत्तर. त्यातल्या एकांचं मशीन फ्रंट लोड आहे, त्यांच्याकडे मात्र नळी पाइपात फार खोल खुपसलेली किंवा फार खाली टाकलेली असणार. भरलेलं पाणी ओढीने आपोआप निघून जातं. फ्रंट लोडच्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच ठेवा, पाइपात वीतभरापेक्षा जास्त घालू नका, आणि नळीभोवतीची फट चिकटपट्टीने बंद करू नका, तिथून हवा जायला हवी.

प्रश्न: दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक. धुण्याचं पाणी सोडलं की ते पिळायच्या टबात चढतं. मध्ये भोक पडलंय का?
(दोन टब)

उत्तर: भोक नाही. दोन्ही टबांचं पाणी खाली एकाच नळीत येतं. पाणी दुसऱ्या टबात चढतंय म्हणजे पहिल्या टबाचा व्हॉल्व्ह उघडतोय, वाट मोकळी आहे, आणि अडचण दोन वाटा मिळतात त्याच्या पुढे आहे. बाहेरची नळी सोडवून तिला जोरात पाण्याची धार द्या. बहुतेक वेळा धाग्यांचा, साबणाच्या राखाडी गाळाचा बोळा बाहेर पडतो, वास घेऊ नका. नळी जमिनीपासून वर कुठे अडकवलेली असेल तर ती खाली घ्या, एवढ्यानेही काम होतं.

पाणी जागचं हललंच नसतं तर मी दुसरं सांगितलं असतं. समोरचा ड्रेनचा खटका फिरवला की आतून दोरी किंवा पट्टी व्हॉल्व्ह उचलते. ती सुटली की खटका नेहमीपेक्षा हलका, पोकळ फिरतो, तुमच्या बोटांना लगेच कळेल.

प्रश्न: ताई, मी पहिल्यांदाच एकटा राहतोय. मशीन शेवटच्या वेळी कपडे खळबळून पाण्यासकट थांबतं. आवाज नाही, एरर नाही, एक छोटा दिवा मात्र लुकलुकतो. फिल्टर दोनदा धुतला, चकाचक आहे.
(नवा भाडेकरू)

उत्तर: तो दिवा 'रिन्स होल्ड'चा आहे का बघ. कपडे पिळून तसेच पडून चुरगळू नयेत म्हणून शेवटचं पाणी आतच धरून ठेवायची ती सोय असते. कुणीतरी ते बटण दाबून ठेवलंय आणि मशीन तुझ्या हुकमाची वाट पाहतंय. स्पिन किंवा ड्रेन निवड, सुरू कर. पुढच्या वेळी ते बटण बंद ठेव. फिल्टर धुतलास ते फुकट गेलं असं समजू नकोस.

प्रश्न: आमच्याकडे उलटं. पाणी सगळं निघून गेलंय, काचेतून दिसतंय, तरी पंप थांबत नाही. दार उघडत नाही, कपडे आत. प्लग काढून लावला की पुन्हा तेच.
(बंद दार)

उत्तर: मशीनला पाणी दिसत नाही, ते हवेच्या दाबावरून ओळखतं. टबाच्या तळाजवळ एक छोटी डबी असते, तिथून बारीक नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, स्विच म्हणतो 'भरलं'. पाणी उतरलं की दाब सुटतो, 'रिकामं'. त्या डबीच्या तोंडाशी साबणाचा गाळ बसला की हवा आत कोंडून राहते. पाणी कधीच गेलेलं असतं, पण मशीनच्या लेखी टब भरलेलाच. म्हणून पंप कोरडा फिरत राहतो आणि दार उघडत नाही. कोरडा पंप ओळखता येतो, त्याच्या आवाजात 'गुडगुड' नसते, नुसती पातळ, उंच घरघर असते.

दार ओढू नका, कडी तुटेल. प्लग काढून थोडा वेळ थांबलं की बऱ्याच मशीनचं कुलूप आपोआप सुटतं. डबी साफ करायचं काम मेकॅनिककडून करून घ्या, आणि नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर मारू नका, आतला पडदा नाजूक असतो.

गाळ आला कुठून, तर साबणातून. तुम्ही पत्रात लिहिलंय की फेस भरपूर आल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही. फ्रंट लोडमध्ये फेस हाच शत्रू आहे. पाणी थोडं, आपटणं जास्त, त्यात हाताने धुवायची पावडर घातली की ड्रम फेसाने भरतो. पंप पाणी ढकलू शकतो, फेस ढकलू शकत नाही, हवेत हात मारल्यासारखं होतं. मशीन थांबतं, लोक म्हणतात पाणी जात नाही. फेस झाला असेल तर तासभर तसंच राहू द्या, बसेल, मग नुसत्या गार पाण्यावर एक रिन्स. फ्रंट लोडसाठीचा कमी फेसाचा साबण घ्या आणि आज घालता त्याच्या निम्मा घालून पाहा. कपडे तेवढेच स्वच्छ निघतील, पैज लावते.

प्रश्न: पाणी जातं, कपडे मात्र निथळत बाहेर येतात. आत एक जाड पांघरूण होतं. हाही निचऱ्याचाच दोष का?
(ओलं पांघरूण)

उत्तर: नाही. एकटं जड पांघरूण ड्रमच्या एका बाजूला गोळा होतं, मशीनला तोल सापडत नाही आणि ते पिळणं सोडून देतं. सोबत दोन टॉवेल टाका. पांघरुणाला पाणी न शोषणारं प्लास्टिकचं अस्तर असेल तर मात्र मशीनमध्ये पिळूच नका. त्यात पिशवीसारखं पाणी अडतं, वेगात असताना एकदम सुटतं, आणि मशीन उडी मारतं.

प्रश्न: तुमचा मागचा अंक वाचून फिल्टर उघडला. पाणी सांडलं नाही. आत एक छोटी स्प्रिंग सापडली, करंगळीच्या पेरापेक्षा थोडी लांब, बारीक. मशीन चालतंय, पण कधीकधी पाणी जायला वेळ लागतो. ही मशीनचीच असेल का? कुठे बसवायची?
(स्प्रिंगवाले)

उत्तर: कुठेही बसवू नका. मशीनला स्प्रिंगा असतात, पण टब ज्यांना टांगलेला असतो त्या मनगटाएवढ्या जाड, आणि मोटरच्या कार्बन ब्रशांच्या छोट्या, त्या पाण्यापासून लांब. दाराच्या रबराला आवळणाऱ्या तारेवर एक असते, ती रबराच्या बाहेरच्या बाजूला. यातली कोणतीही फिल्टरमध्ये यायला वाट नाही.

तुमची स्प्रिंग बॉलपेनाची आहे. गेल्या महिन्यात कुणाच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडला होता का, घरात विचारा. पडला असेल तर पेनाचं टोपण, रिफिल आणि नळी कुठे आहेत तेही विचारा. ती मिळाली नाहीत तर ती अजून ड्रमखालच्या जाड रबरी नळीत आडवी बसलेली असणार, आणि पाण्याला वेळ लागतोय तो त्यामुळेच. ती नळी मशीन आडवं करून काढावी लागते. फ्रंट लोडचं वजन आतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमुळे ६०-७० किलोच्या घरात जातं, तेव्हा हे एकट्याने करू नका, मेकॅनिकला बोलवा. आणि तो आल्यावर 'पंप गेलाय' म्हणायच्या आत ही स्प्रिंग त्याच्या तळहातावर ठेवा.